मामांचा रोमन बादशहा

जुनी नाणी ओळखून देणे हा छंद नव्हे, नातेवाईक तोडण्याचा राजमार्ग आहे. पत्रिका बघणाऱ्याला निदान दक्षिणा मिळते. नाणं बघणाऱ्याला दोन प्रश्न मिळतात. आधी ‘किती येतील?’ आणि मग ‘एवढेच?’

आमच्या साताऱ्यात जुन्या घरात एक तरी शिवराई निघतेच आणि ती महाराजांनी त्या घराण्याच्या मूळपुरुषाला स्वहस्ते दिलेली असते. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. याहून वेगळा पुरावा काय हवा? मग घसा खाकरून मला सांगावं लागतं की, शिवराई 1674 च्या राज्याभिषेकापासून पाडली गेली हे खरं, पण 1680 साली महाराज गेल्यावरही ती त्यांच्याच नावानं पेशवाईभर पडत राहिली. टांकसाळी गावोगावच्या, ठसे खोदणारे तऱ्हेतऱ्हेचे. कुठे ‘शिव’चा ‘सीव’ झालेला, कुठे ठसा सरकल्यामुळे ‘छत्र’ नाण्यावर आणि ‘पति’ हवेत. मधोमध दोन आडव्या रेघा दिसल्या की ती दुदांडी, म्हणजे नंतरची. इथवर बोलणं आलं की आतून येणारा चहा आतच राहतो.

चांदीत तर विचारूच नका. मराठ्यांच्या टांकसाळीतले रुपये, पण त्यावर फारसी अक्षरांत नाव दिल्लीच्या बादशहाचं! पुण्याचा अंकुशी रुपया ओळखायचा तो कोपऱ्यातल्या इवल्याशा अंकुशावरून. हुकूम शनिवारवाड्याचा आणि नाव लाल किल्ल्याचं, हे समजावून सांगताना भल्याभल्या अभिमानी माणसांचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे.

माझी सासुरवाडी सांगलीची. तिथे मी जपून बोलतो. सांगली जिल्हा 1949 साली जन्मला तो ‘दक्षिण सातारा’ या छापाचा, सांगलीचा ठसा त्यावर 1960 साली बसला, हे सातारकरानं सासुरवाडीत बोलून दाखवायचं नसतं. साताऱ्यानंही फार ताठ्यात राहू नये म्हणा. 1700 साली औरंगजेबानं किल्ला घेतला आणि त्याचं पार ‘आझमतारा’ करून टाकलं होतं. जुन्यावर नवा ठसा मारायची आपली खोड तशी सातवाहनांपासूनची. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली तेरा हजारांवर नाणी सापडली. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप उमटवून घेतला होता.

तर सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. हळकुंड मोडून नुसत्या आतल्या रंगावर भाव सांगणारा माणूस, त्यामुळे पारख हा शब्द घरात त्यांच्या मालकीचा. एका दिवाळीत त्यांनी देव्हाऱ्यातली डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

“जावईबापू, रोमन आहे.”

डबीत तांब्याचा एक पैसा होता. सासूबाईंनी दर लक्ष्मीपूजनाला तो चिंचेनं घासून लखलखीत केलेला. त्या पुण्याईत बादशहाचं नाक आणि निम्मी अक्षरं गेलेली.

“टक्कल बघा, दाढी बघा,” मामा म्हणाले. “आपल्याकडचा राजा मुकुटाशिवाय फोटो काढेल का?”

मुद्दा बिनतोड होता. तरी मी सांगितलं की, रोमचं सोनं-चांदी मिऱ्यांच्या मोबदल्यात हिंदुस्थानात भरपूर आलं, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर रोमकडचा समुद्रदेव पोसायडनही निघाला. पण हे पडलं तांबं. रोमच्या प्रांतांत शेकडो शहरं आपापली तांब्या-पितळेची चिल्लर पाडायची. पुढे सम्राटाचं तोंड, मागे गावचा देव, गावचं देऊळ नाहीतर गावची नदी. ती चिल्लर बहुतेक जवळपासच फिरायची, हळद घ्यायला सांगलीपर्यंत यायची नाही. आणि पूर्वेकडच्या त्या नाण्यांवर अक्षरं बहुतेक असतात ग्रीक.

मामांनी भिंग माझ्या हातात कोंबलं. “कडेला वाचा.”

वाचलं. ‘एम्परर’. चक्क इंग्रजीत.

“मामा, रोमन लोक इंग्रजीत लिहीत नसत.”

“मग या लिपीला रोमन कशाला म्हणतात?”

यावर सासूबाईंनी चकलीची ताटली पुढे केली. त्या घरात वाद मिटवण्याची ती मान्यताप्राप्त पद्धत आहे. चकली खाता खाता मी नाणं उलटसुलट केलं आणि बादशहा ओळखला. सातवा एडवर्ड! इथल्या तांब्याच्या पैशांवर तो बोडक्या डोक्यानंच झळकला. त्याच्या आधीच्या व्हिक्टोरियाला मुकुट, नंतरच्या पंचम जॉर्जला मुकुट, मधल्या याला नुसतं टक्कल.

आता हे मामांना सांगायचं कसं? पण सांगू लागलो तेव्हा माझ्याच ध्यानात आलं की, म्हातारा अगदीच चुकलेला नाही. बादशहा लंडनचा, टांकसाळ कलकत्त्याची, खर्च सांगलीच्या बाजारात. हा एडवर्ड बादशहा म्हणून हिंदुस्थानात कधी आलाच नाही. 1903 च्या दिल्ली दरबारालाही त्यानं धाकट्या भावाला पाठवलं. स्वतः यायचं नाही, तोंड मात्र प्रत्येकाच्या खिशात पाठवायचं, ही तर अस्सल रोमन प्रांतांची रीत! मी तसं म्हणालो. मामांनी एकेक शब्द हळदीच्या सौद्यासारखा तोलून घेतला आणि डबी मिटली.

संध्याकाळी फराळाला शेजारचे आले. मामांनी डबी उघडली.

“जावईबापूंनी स्वतः तपासलंय,” ते म्हणाले. “आहे रोमनच. फक्त टांकसाळ कलकत्त्याची.”