घरात कोणीही आजारी नाही

स्टुटगार्ट, रविवार

ती. आईस,

आधी मुद्द्याचं: कोणालाही ताप नाही, खोकला नाही, कोणाचा घसा बसलेला नाही. रायपूरच्या गोलबाजारात कुलिंजन मिळतं का, एवढंच मी विचारलं होतं. तेवढ्यावरून समता कॉलनीतून निघालेली बातमी चौबे कॉलनीत मावशीकडे पोचेपर्यंत जावई दवाखान्यात भरती! मावशीचा रडवेला फोन घेऊन दमले, म्हणून आता लिहितेच.

कुलिंजन हवं होतं थाई सूपसाठी. टोम खा म्हणतात त्याला. चिकू मैत्रिणीकडे पिऊन आली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. त्यात कुलिंजनाच्या चकत्या, ठेचलेला गवती चहा, एका खास लिंबाची पानं आणि नारळाचं दूध. हो, तेच कुलिंजन, जे चघळून नाना मंडळाच्या गणपतीत गायला बसायचे. अर्धं सूप नानांचा घसा आणि अर्धं तुझा पावसाळ्यातला चहा.

पानांचं तर विचारूच नकोस. पाकिटात मोजून सात-आठ पानं आणि किंमत तीन युरो. तुला तीन म्हणजे काहीच नाही वाटेल, पण तीनशे रुपये झाले, आई! मागच्या अंगणातल्या लिंबाची पानं आपण घमेलं भरून बाहेर टाकतो. ती पार्सलमध्ये घालायचं मात्र मनातही आणू नकोस. लिंबू-संत्र्याच्या जातीची पानं बाहेरून युरोपात आणायला बंदी आहे, झाडांचे रोग येतात म्हणून. नारळाला मोकळीक. फळांपैकी नारळ, केळं, अननस, खजूर आणि डुरियन या पाचांनाच रोग नसल्याचा दाखला लागत नाही. कायदा करणारा नक्की कोकणातला असणार.

तर नारळ घरात होता. पण आज रविवार, आणि रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही. ड्रिल नाही, हातोडी नाही, रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळकन आवाज होतो. रविवारच्या विश्रांतीचं कलम जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेत होतं, ते आजच्या घटनेतही जसंच्या तसं आहे. दुकानंही बंद, त्यामुळे डब्यातलं दूध आणायची सोय नाही. खालचे आजोबा आमच्या मिक्सरचा आवाज ओळखतात. तुझा जावई म्हणाला, गोधडीत गुंडाळून फोडतो. तू शिवलेल्या गोधडीत! मी नारळ वरच्या फळीवर ठेवून दिला.

आणि मग तुझं पार्सल आठवलं. भाटापाऱ्याच्या पोह्यांखाली, वर्तमानपत्रात बांधलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. किसणीला आवाज नसतो. कीस कढत पाण्यात भिजवला, फडक्यात बांधून पिळला. पहिलं दूध दाट निघालं, बोटांवर तुपकट साय आली आणि स्वयंपाकघरात तुझ्या काळ्या मसाल्याच्या दिवसाचा वास सुटला. चिकू म्हणाली, आजीकडचा वास. मी कांदा चिरत नव्हते, एवढंच सांगते.

पुढचं सोपं. कुलिंजन वाळलेलं, लाकडासारखं, म्हणून रात्रीच भिजत घातलं होतं. दूध मंद आचेवर ठेवलं, खळाखळा उकळलं की फाटतं. मासळीच्या पाण्याऐवजी मीठ. लिंबू पिळलं ते गॅस बंद करून. मशरूम घातले इथलेच, पांढरे, बेचव. बाबांनी म्हणे तिकडचा मशरूम, बोडा, आणला, किलोमागे हजाराच्या वर मोजून? आणि भाजी केलीस ती शेजाऱ्यांनाही दिलीस? त्या वाटीचा हिशोब मी डिसेंबरात आल्यावर घेणार आहे.

चिंगीचं लग्न मे महिन्यात ठरवू नका, तिकिटं परवडत नाहीत. मुलाकडचे डोंबिवलीचे असोत नाहीतर दुर्गचे, रायपूरच्या उन्हात त्यांची वरात कशाला? ताईला म्हणावं, त्या हिरव्या पैठणीवर माझा हक्क आहे, ती कोणाला नेसायला देऊ नकोस.

या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची, शेजारी दाराला तशी पाटीच अडकवून गेलेत. झाडू रविवारी चालतो, मी विचारून घेतलंय. उरलेलं कुलिंजन नानांसाठी परत आणते. मावशीला फोन करून जावई बरे आहेत म्हणून सांग, नाहीतर ती नवस बोलून बसेल आणि फेडायला मला जावं लागेल.

तुझी,
बेबी