आठाला आठ

बँकेत ३३ वर्षं मी दुसऱ्यांचे पैसे मोजले. आता महिन्याला ६,००० रुपये देऊन माझ्या उठाबशा मोजायला माणूस ठेवलाय.

त्याचं असं झालं, गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. कथेचे पाचही अध्याय मी पाटावर मांडी घालून ऐकले. आरतीला उठायची वेळ आली आणि पाय काही हजर होईनात. शेवटी एका बाजूने जावयाने आणि दुसऱ्या बाजूने गुरुजींनी धरून मला उभं केलं. गुरुजी माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. निघताना दक्षिणा कनवटीला लावत म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी चौरंगाशेजारी खुर्ची मांडू.’’ गुडघ्यापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं.

पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या क्लबहाऊसातल्या जिममध्ये मी सरांसमोर उभा होतो. सर म्हणजे २७ वर्षांचा मुलगा, मूळचा कोल्हापूरचा. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो. दोघांनाही यात काही वावगं वाटत नाही. ‘‘काय करायचंय, काका? वजन कमी?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘पाटावरून उठायचंय.’’ त्यांनी वहीत तसंच लिहून घेतलं. हसले नाहीत. तिथेच मी तीन महिन्यांचे पैसे भरून टाकले.

मग त्यांनी माझ्या मागे एक खुर्ची ठेवली. ‘‘बसायचं न्हाई काका. आपण बसणार असं नुसतं खुर्चीला वाटू द्यायचं. कंबर मागं, छाती वर, टाच उचलायची न्हाई.’’ खुर्चीला वाटायच्या आत मी बसलेलो असे. शाळेत हीच गोष्ट गृहपाठ विसरल्यावर फुकट मिळायची, हे मी त्यांना सांगितलं. ‘‘मास्तर टाच बघत नव्हते,’’ सर म्हणाले.

खरी गंमत त्यांच्या मोजणीत आहे. ‘‘दहाच काढायच्यात,’’ असं म्हणून ते सुरू करतात. पाच, सहा, सात, आठ. मग पुन्हा आठ. मग आणखी एकदा आठ. ‘‘सर, आठ झाले की!’’ ‘‘पाठ वाकली काका, ते धरलं न्हाई.’’ कॅशच्या काउंटरवर मी आठाला तीनदा आठ म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी चौकशी लागली असती. आणि ‘‘शेवटचे दोन’’ हा आकडा तर कुठल्याच गणितात बसत नाही. त्यांचे शेवटचे दोन कधी चार असतात, कधी पाच. व्यायामाने दुखतं ते दुसऱ्या दिवशी जास्त, हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. दोन दिवस मी जिना खेकड्यासारखा आडवा उतरलो. बायको म्हणाली, पैसे देऊन हे?

तिला मी बँकेच्या भाषेत समजावलं. तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाचे स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटतात. म्हणजे ठेव आपली आणि व्याज उलटं. भरणा केला नाही तर साठीनंतर मुद्दलच उरत नाही. ‘‘मग इतकी वर्षं काय करत होता?’’ हा तिचा प्रश्न मी अनुत्तरित ठेवला.

खाण्याचीही वही झाली. पहिल्या दिवशी मी लिहिलं : पोळ्या दोन, भाजी, वरण, भात थोडा. ‘‘थोडा म्हंजे?’’ एक वाटी. ‘‘कुठली वाटी?’’ आमच्याकडे वाट्या तीन मापांच्या आहेत : आमटीची, श्रीखंडाची, तुपाची. भात मी कायम आमटीच्या वाटीने घेतो आणि तुपाच्या वाटीने सांगतो. प्रथिनांचा हिशेब निघाला तेव्हा तर ताळेबंदच कोलमडला. किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम असं धरलं तर माझ्या ७२ किलोंना ६० ग्रॅम लागतात. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम. म्हणजे नुसत्या वरणावर भागवायचं तर रोज दहा-बारा वाट्या. साबुदाण्याच्या खिचडीचा आकडा सरांनी मला सांगितलाच नाही, नुसतं बघितलं. दाण्याच्या कुटामुळे थोडी अब्रू राहिली.

तळजाई टेकडीवरच्या आमच्या निवृत्त मंडळाला रोजच्या दहा हजार पावलांचा फार अभिमान. घरात फोन खिशात घालून येरझारा मारत रात्री आकडा पुरा करणारे महाभाग आमच्यात आहेत. सर म्हणाले, चालणं चांगलंच, पण हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असं होतं. मी ही बातमी टेकडीवर सांगितली. त्या दिवशी माझ्या मिसळीचे पैसे कोणी दिले नाहीत.

हे सगळं फोनवर फुकट मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. पण फोन पहाटे पावणेसहाला ‘‘आज पाहुणे आहेत’’ हे ऐकून गप्प बसतो. सर विचारतात, ‘‘पाहुणं सहाला येत्यात व्हय, काका? मी खाली उभाय.’’ इन्स्पेक्शन आहे म्हटल्यावर आमच्या शाखेतली कपाटं कशी एका रात्रीत लागायची, ते आठवतं आणि मी बूट घालतो.

सरांचे आजोबा तालमीत वस्ताद होते. तांबड्या मातीत ताक, तेल, लिंबू, हळद कालवायचं काम लहानपणी सरांकडे असे. तालमीत आरसा नव्हता म्हणे. मारुती समोर असायचा. आपण स्वतःकडे बघायचं नाही, तो आपल्याकडे बघतोय एवढं धरून जोर काढायचे. आमच्या जिमला तिन्ही भिंतींना आरसे आहेत आणि तिन्हींत माझं पोट दिसतं. मी सरांना मारुतीची एक तसबीर लावायला सुचवलंय. सोसायटीच्या कमिटीपुढे विषय आहे.

या श्रावणात पुन्हा सत्यनारायण झाला. गुरुजींनी न विचारता खुर्ची मांडली होती. पाचवा अध्याय संपला, मी कंबर मागे, छाती वर केली आणि उठलो. खुर्ची तशीच राहिली. तिच्यावर नंतर गुरुजी बसले. दुसऱ्या दिवशी सहाला मी सरांना ही हकिगत सविस्तर सांगितली.

‘‘हात टेकला होता का?’’

एक टेकला होता.

‘‘मग ते धरायचं न्हाई, काका.’’

मार्गशीर्षात मेव्हण्याकडे वास्तुशांत आहे.