सातव्या पायरीच्या आत

मुलीचं लग्न गणिताच्या प्राध्यापकाशी ठरलं की माहेरची माणसं निर्धास्त होतात. पोरीचा संसार हिशेबात चालणार, असं त्यांना वाटतं. माझ्या आईलाही वाटलं होतं. वरच्या वर्गांच्या गणितात आकडे जवळजवळ नसतातच, एप्सिलॉन आणि डेल्टा असतात, आणि ते देऊन वसईच्या होळी बाजारात कोळंबी मिळत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमचे हे टोपॉलॉजी शिकवतात. चहाचा कप आणि मेदूवडा ही मुळात एकच आकृती, असं मानणारं ते शास्त्र आहे. अशा माणसाला नाश्ता वाढताना जरा जपूनच राहावं लागतं. एरवी माणूस पक्का घरातला. लेकीच्या वह्यांना कव्हरं घालतील, आईच्या गोळ्या वेळेवर देतील. पण भाजीवालीपुढे सुट्टे मोजायला उभे राहिले की मागे रांग लागते. लग्नकार्यात कुणीतरी काका हटकून विचारतात, "काय प्रोफेसर, सतरा नव्वे किती?" आणि हे विचारात पडतात. सतरा नव्वे एकशे त्रेपन्न होणारच कशावरून, हा त्यांचा प्रश्न असतो.

अशा माणसाची घरातली पत सावरली ती डहाणूच्या एका मास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म 17 जानेवारी 1905, डहाणूचा. तेव्हाचा ठाणे जिल्हा, 2014 पासून पालघर. म्हणजे आता ते आमचे जिल्हावालेच. शिक्षण बीएस्सी, आणि नोकरी 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत. कामावरून सुटले की माणसं पत्ते खेळतात, हे आकड्यांशी खेळत. लोकल गाडीचाही त्यांना उपयोग झाला. डोंबिवली स्टेशनात सुचलेल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं. 1, 121, 12321 या त्यातल्याच. विरार फास्टमध्ये मात्र अजून कुणाला संख्या सुचल्याचं ऐकिवात नाही. तिथे दोन्ही पाय एकाच वेळी टेकले तरी पुष्कळ.

एका संध्याकाळी लाईट गेले होते आणि सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. ह्यांनी लेकीच्या पाटीवर कापरेकरांचं जन्मसाल लिहिलं. 1905 मधले आकडे आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. 9510 वजा 0159, उत्तर 9351. त्याचं पुन्हा तसंच. 8172, 7443, 3996, 6264, 4176, आणि सातव्या पायरीला 6174. पुढे 7641 वजा 1467 केलं तरी परत 6174च! चार आकडी कुठलीही संख्या घ्या, चारही आकडे सारखे नसले की झालं, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती इथेच येऊन थांबते. कापरेकरांना हे 1949 मध्ये सापडलं.

"एवढंच? हे तर मलाही येतं," सासूबाई म्हणाल्या आणि वाल बाजूला सारून त्यांनी पाटी ओढून घेतली. मुलाच्या विषयाला त्यांनी हात लावल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कापरेकरांना विद्वानांनी बराच काळ बाजूला ठेवलं, त्याचं कारणही हेच असावं. जे कळत नाही त्याला आपण नमस्कार करतो आणि जे कळतं त्याला 'एवढंच?' म्हणतो. पुढे 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळालीचा मास्तर ठाऊक झाला. तोवर ते सत्तरीला आले होते. 1986 मध्ये ते गेले.

टोपॉलॉजी थोर असेलच, पण ती कॉलेजातच राहते. कापरेकरांचं गणित चप्पल काढून घरात येतं आणि सासूबाईंच्या शेजारी बसतं. संसारी माणसाला असं एक तरी गणित हवं.

तुमचंही जन्मसाल घ्या आणि करून पाहा. मध्येच उत्तर तीन आकडी आलं तर पुढे शून्य धरा. सातव्या पायरीपर्यंत 6174 आलं नाही, तर वजाबाकी तपासा. कापरेकरांना बोल लावू नका. आणि घरात गणिताचा प्राध्यापक असला, तर वजाबाकी त्यांच्याकडून तपासून घेऊ नका.