दुसऱ्या गुरुवारचे आण्णा

आमचे आण्णा महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी चित्रं बघतात. बाकीच्या गुरुवारी नुसताच उपवास करतात.

आण्णा मूळचे देवळाली प्रवऱ्याचे, तालुका राहुरी. नोकरी मुंबईत फोर्टला, बँकेत. राहायला डोंबिवली. चित्रकलेशी त्यांचा संबंध आला तो लोकलमुळे. संध्याकाळी सहाच्या गाडीत त्यांना पाय टेकवायला जागा मिळेना आणि घरी तर जायचं होतं. अशात त्यांना शोध लागला, की रात्री पावणेदहाला सीएसएमटीवर खिडकीची जागा मिळते. सहा ते साडेनऊ हा वेळ कुठं काढायचा, एवढाच प्रश्न उरला. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा भागातल्या खासगी कलादालनांनी तो सोडवला. एरवी संध्याकाळीच दारं लावून घेणाऱ्या या दालनांनी महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी रात्री साडेनऊपर्यंत उघडं राहायचं ठरवलं. त्याला ‘आर्ट नाइट थर्सडे’ म्हणतात. तिकीट नाही, निमंत्रण नाही, चपला बाहेर काढायच्या नाहीत आणि एसी चालू. एका दालनातून निघायचं, चालत दुसऱ्यात शिरायचं. भारतीय समकालीन कलेला आण्णांसारखा निष्ठावंत रसिक मिळाला, त्यात मध्य रेल्वेचा वाटा मोठा आहे.

आता या रात्री नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन असलं, तर पाहुण्यांच्या हाती वाइनचा पेला देतात आणि वार नेमका गुरुवार. शिर्डी आमच्या देवळालीपासून तासाभरावर. साईबाबांचा उपवास आण्णांच्या घरात वडिलांपासून. पण आण्णांनी शास्त्र लावून घेतलंय. द्राक्षं उपवासाला चालतात. चीज म्हणजे दूधच. काजू तर सरळ फराळातले. बिस्किटाला मात्र ते हात लावत नाहीत, त्यात गहू असतो. ऑलिव्हबद्दल बरेच महिने त्यांचा निर्णय होत नव्हता. शेवटी त्यांनी एक खाऊन पाहिलं, ते लोणच्यासारखं लागलं, आणि लोणचं उपवासाला चालत नाही म्हणून ते यादीतून गेलं. पूर्ण भरलेला पेला एका हातात आणि ‘नो नो, फास्ट आहे’ म्हणत बिस्किटाची बशी परतवणारा दुसरा हात, असे आण्णा मी स्वतः पाहिले आहेत. मार्गशीर्षात तेवढी पंचाईत होते. त्या महिन्यातले गुरुवार वहिनींच्या महालक्ष्मीचे. पाच फळं आणि वेण्या घेऊन सातच्या आत घरी यायचा हुकूम असतो. त्या महिन्यात कलाक्षेत्राला आण्णांवाचून भागवावं लागतं.

पेला हातात असला की कुणीतरी विचारतंच, ‘यू आर फ्रॉम?’

‘देवळाली.’

‘ओह, नाशिक! वाइन कंट्री!’

सुरुवातीला आण्णा समजावून सांगायचे. देवळाल्या दोन. नाशिकची ती कॅम्पवाली, तोफखान्याची. आमची प्रवरेच्या कालव्याची, उसाची. नगर-मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीला उतरायचं आणि आत वळायचं. एवढं सांगेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या चित्राकडे गेलेला असायचा. आता ते समजावत नाहीत, नुसती मान डोलवतात. वाइन कंट्रीच्या माणसाला लोक वाइन कशी आहे म्हणून मत विचारतात, आणि मत नीट बनावं म्हणून पेला पुन्हा भरतात.

पण आण्णा फुकटे आहेत असं कुणी समजू नये. ते चित्रं खरोखर बघतात, आणि मोठ्या सरावानं बघतात. हा सराव त्यांनी देवळालीत गणपतीच्या देखाव्यांवर केलेला आहे. रात्रीची जेवणं उरकून वडिलांचं बोट धरून देखावे बघायला निघायचं. एका मंडळाचा गजेंद्रमोक्ष. तारेवरून विष्णू खाली यायचा, मगर हत्तीचा पाय सोडायची, टाळ्या पडायच्या. मग मोटार उलटी फिरायची, विष्णू पाठमोरा वर जायचा आणि मगर पुन्हा पाय धरायची. तिथं थांबायचं, हात मागे बांधून नीट पाहायचं, प्रसाद घ्यायचा, एक शेरा मारायचा आणि पुढच्या मंडळाकडे वळायचं. कुलाब्यात आण्णा यापेक्षा वेगळं काहीही करत नाहीत. ताजच्या मागचा मेरीवेदर रोड, मग आर्थर बंदर रोडवरचं कमल मॅन्शन, जुन्या इमारतींचे जिने, वर एक पांढरी खोली, हात मागे, प्रसाद, शेरा, पुढचं मंडळ. बोलतानाही ते मंडळच म्हणतात. १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर सुरू झालेलं ‘केमोल्ड’ हे दालन २००७ मध्ये प्रेस्कॉट रोडला गेलं, ही हकीकत आण्णा ‘त्या मंडळानं मंडप हलवला’ अशी सांगतात.

आणि शेरा? तोही देवळालीचाच. ‘मागच्या वर्षीचा जास्त चांगला होता.’

या वाक्याची ताकद आण्णांना कुलाब्यात कळली. हे वाक्य कुठल्याही चित्रापुढे चालतं, शिल्पापुढे चालतं, अंधाऱ्या खोलीत तासभर समुद्र दाखवणाऱ्या व्हिडिओपुढेही चालतं. बोलणारा मागच्या वर्षीही आला होता, हे त्यातून सिद्ध होतं. ऐकणारा मागच्या वर्षी आलेला नसतो, म्हणून गप्प बसतो. चित्रकार स्वतः शेजारी उभा असेल तर तो गंभीर होतो आणि म्हणतो, ‘मलाही तसंच वाटतंय.’ कलासमीक्षेत इतक्या कमी शब्दांत इतकं काम दुसऱ्या कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

या फेरीत आण्णा एकटे नसतात. खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थिनी असतात. त्या चित्रांपेक्षा छताच्या तुळया पाहतात. निवृत्त कंपनी-अधिकारी असतात, ते फक्त किंमत विचारतात, आणि ‘ऑन रिक्वेस्ट’ असं उत्तर आलं की रिक्वेस्ट करत नाहीत. भिंतीवरचं टिपण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचून चित्राकडे न बघता बाहेर पडणारेही असतात, आणि मला वाटतं, खरे अभ्यासू तेच. या सगळ्यांत आण्णांची पत वाढली ती एका बारदानामुळे.

झालं असं, की एका दालनात छतापासून जमिनीपर्यंत जुनी गोणपाटं टांगून ठेवली होती. लोक लांब उभे राहून श्रम, विस्थापन, वसाहतवाद असं काहीबाही पुटपुटत होते. आण्णा पुढे झाले, वाकले आणि म्हणाले, ‘साखरेचं बारदान आहे.’ मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. पूर्वी पोतं क्विंटलचं असायचं, हमाल पाठीवर घेऊन थप्पी लावायचा. पुढे पन्नास किलोचं झालं. हे पन्नासचं. ही शिवण मशीनची, ती वरची हाताची, म्हणजे पोतं एकदा फुटून पुन्हा शिवलेलं. हा डाग मळीचा, तो पावसाचा. गोदामाचा पत्रा गळत असणार. दालनातली मुलगी वहीत लिहून घेऊ लागली. तिनं विचारलं, ‘सर, तुम्ही मटेरियलवर काम करता का?’ आण्णा म्हणाले, ‘नाही, आमचे वडील गोदामावर होते.’ पुढच्या महिन्यात तिनं आण्णांना दारातच ओळखलं आणि नमस्कार केला. तेव्हापासून आण्णा या फेरीला इस्त्रीचा शर्ट घालतात.

चित्राच्या किमतीचा विषय मात्र आण्णांना झोपू देत नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात चित्रकार हुसेन यांचं १९५४ सालचं ‘ग्रामयात्रा’ सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. कित्येक वर्षं ते नॉर्वेत, ओस्लोच्या एका इस्पितळाकडे होतं. लांबी जवळजवळ चौदा फूट, त्यात खेड्यातली तेरा दृश्यं. आण्णांनी त्या रात्री लोकलच्या खिडकीशी बसून भागाकार केला. फुटाला आठ कोटींच्या वर. लगेच मला फोन. ‘अरे, चित्रात आहे काय, तर बाई, बैल, गाडी, शेतकरी! हे सगळं आपल्याकडं पडलंय!’ मी म्हटलं, आण्णा, पडलंय, पण काढायला हुसेन लागतो. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘हुसेन तरी कुठले? पंढरपूरचेच की.’ पंढरपुरात जन्मलेला आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेला माणूस फुटाला आठ कोटींवर जातो म्हटल्यावर आण्णांच्या डोक्यात देवळालीचे फूट फिरू लागले.

त्यात सिएटलच्या भाच्यानं तेल ओतलं. त्यानं कळवलं, की तिथं पायोनिअर स्क्वेअर भागात १९८१ च्या सुमारास अशी मासिक फेरी सुरू झाली, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. आता अमेरिकेतल्या गावोगावी ती निघते, आणि लहान गावांत पुरेशी दालनं नसली तर न्हाव्याच्या, चष्म्याच्या, कॉफीच्या दुकानात चित्रं लावून काम भागवतात. वारही गुरुवारच निघाला, म्हणजे आण्णांना बाबांचाच कौल. दिवाळीच्या सुट्टीत देवळालीला आले तेच मुळी फेरी काढायची असं ठरवून. सोबत मी, कारण मला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्या तीन दुकानांत आम्ही शिरताच मालकानं गल्ल्यात हात घातला. एक जण म्हणाला, ‘पावती फाडा आन् मोकळं करा.’ वर्गणी नको, हे पटवण्यात अर्धा दिवस गेला. आणि वर्गणी नको म्हटल्यावर लोकांचा संशय जास्तच वाढला.

तसबिरींच्या दुकानात आण्णांनी केमोल्डचा इतिहास सांगितला. ते नाव मुळात चौकटी बनवणाऱ्या धंद्याचं. केकू गांधींनी त्या चौकटींच्या दुकानातच हुसेन, आरा यांच्यासारख्या त्या वेळच्या नव्या पोरांची चित्रं लावली आणि त्यातून पुढे गॅलरी उभी राहिली. दुकानदारानं हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं. वर लक्ष्मी, बाजूला गजानन महाराज, खाली गिऱ्हाइकानं न नेलेले तीन लग्नांचे फोटो. सगळ्यांवर नजर फिरवून तो म्हणाला, ‘म्हंजी मी गॅलरीच चालवतोय की! मला कुनी सांगितलंच न्हाई.’ आणि चहा मागवला.

फॅब्रिकेशनच्या शेडवर उसाच्या ट्रॉल्या रंगाला आलेल्या होत्या, हंगाम तोंडावर होता. एका फाळक्यावर मोर काढणं चाललं होतं. आण्णा हात मागे बांधून पाच मिनिटं उभे राहिले. रंगवणारा पोरगा अवघडला. शेवटी त्यानं विचारलं, ‘काय चुकलं का?’ आण्णा म्हणाले, ‘मागच्या वर्षीचा जास्त चांगला होता.’ पोरगा म्हणाला, ‘मागच्या वर्षी मी नव्हतो, दुसरा होता. त्याला काढलं.’ या वाक्याला उलट उत्तर येऊ शकतं, हे आण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिथंही चहा झाला. फोटो स्टुडिओत झाला. शिंप्याकडे झाला. चहा उपवासाला चालतो, त्यामुळे आण्णांना माघार घेता येईना.

शेवटी पेंटर. त्याला गावात सगळे पेंटरच म्हणतात, जरी ब्रश सोडून त्याला बरीच वर्षं झाली आणि आता तो फ्लेक्स छापतो. आण्णांनी खुर्ची ओढली आणि मुंबईत ऐकलेला प्रश्न मराठीत विचारला, ‘हे करताना तुझ्या मनात काय असतं?’

‘दहा बाय पंधरा,’ पेंटर म्हणाला.

आण्णांनी त्याला हुसेन सांगितले. होर्डिंग, पंढरपूर, न्यूयॉर्क, फुटाचा भाव. पेंटरनं संगणकावरून नजर न काढता विचारलं, ‘होर्डिंग कधी सोडली त्यांनी?’ खूप वर्षांपूर्वी, आण्णा म्हणाले. ‘फ्लेक्स यायच्या आधी सोडली. हुशार माणूस,’ पेंटर म्हणाला. मग आण्णांनी त्याला लाल टिकलीची रीत समजावली: चित्र विकलं गेलं की शेजारी लाल टिकली लावायची, बघणाऱ्याला कळतं. ही एकच गोष्ट पेंटरला मनापासून आवडली. त्याच्याकडे आधीपासूनच वही होती, त्यात लाल शाई फक्त ज्यांचे पैसे आले त्यांच्या नावापुढे. वही बरीचशी निळी होती.

गावात चार दिवसांत समिती झाली. अध्यक्ष झाले, कार्याध्यक्ष झाले, खजिनदार आधी झाले आणि पैसे नंतर शोधायचं ठरलं. आण्णांना मार्गदर्शक केलं. फेरी कुठल्या दुकानापासून निघावी यावर तीन बैठका झाल्या. चित्रं कुणाची लावायची हा विषय वेळेअभावी पुढे ढकलला. जाहिरातीचं काम मात्र ताबडतोब उरकलं. चौकात वीस फुटांचा फ्लेक्स लागला. वरच्या रांगेत नेते, मधल्या रांगेत समिती, खाली गोल चौकटींत शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात, शोधलं तर सापडेल अशा अक्षरांत, ‘भव्य कलाफेरी’. आण्णा दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे, गॉगल लावलेले. हा फोटो त्यांनी कुणाला दिलाच नव्हता. पेंटरनं भाच्याच्या लग्नातून काढला होता.

आण्णा त्याच्यापुढे उभे राहिले. हात मागे. बराच वेळ त्यांनी शेरा मारला नाही. मग हळूच पेंटरला म्हणाले, ‘माझा फोटो अध्यक्षांपेक्षा बारीक आलाय का रे?’

‘आण्णा, फुटावर असतं ते,’ पेंटर म्हणाला. ‘आन् टिकली लावायची ऱ्हायलीय. खजिनदाराला सांगा, पैसे पाठवले की लगेच लावतो.’