विकायची राहून गेलेली

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला माणसं एवढी नटून येतात ती गाड्यांपुढे आपण अगदीच नवखे दिसू नये म्हणून, असा माझा समज आहे. कुणी फेटा बांधतं, कुणी आजोबांचा कोट घालतं आणि डांबरगोळ्यांचा वास मैदानभर हिंडत राहतो. एका रोल्स-रॉइसशेजारी मालकीणबाई नऊवारीत उभ्या होत्या आणि मालक उकिडवे बसून टूथब्रशने चाकाचे आरे घासत होते. परीक्षक आले. बॉनेट उघडायला लावून त्यांनी आत टॉर्च मारला. स्क्रू मूळचा का, रंग नंतरचा का, हत्यारांच्या पेटीतला पाना त्याच सालचा का. एवढ्या बारकाईने मला आजवर एकाही डॉक्टरने तपासलेलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला, गोल्फच्या हिरवळीवर, हा सोहळा १९५० पासून चालत आलाय. तिथली एक रीत मला फार आवडते. स्पर्धेआधी गाड्यांची रस्त्यावरून फेरी निघते आणि दोघींचे गुण सारखे पडले, तर फेरी पुरी करणारीला झुकतं माप मिळतं. रूपाबरोबर पायही धड हवेत. आपल्याकडे २०२१च्या नियमाने पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. तिने नंबरप्लेटवर ‘व्हीए’ मिरवायचं आणि रस्त्यावर यायचं ते प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. म्हणजे लग्नकार्य, चहा आणि दवाखाना. निवृत्तीनंतर बाबांचं वेळापत्रक याहून फारसं वेगळं नव्हतं.

राजेरजवाड्यांच्या गाड्या पाहून झाल्या की पाय आपसूक कोपऱ्यातल्या फियाटींकडे वळतात. एक डुक्कर फियाट, तिच्या पलीकडे पद्मिनी. दोघी कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. पद्मिनीचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर मधोमध एक मूल मावायचं. आमच्याकडे ते मूल मी. दारातली त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट आईच्या मांडीवरच्या डब्याशी यायचा आणि लोणावळ्याच्या आतच साऱ्या गाडीला थालीपिठाची वर्दी मिळायची. ती गाडी पुढे वेळेवर, चांगल्या किमतीला विकली गेली. बाबा व्यवहाराला चोख होते.

मुंबईत याच पद्मिनीच्या टॅक्सीला आयुष्य २० वर्षांचं. शेवटचीची नोंदणी ऑक्टोबर २००३मध्ये ताडदेवला झालेली, म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये तीही थांबली. विसाव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली ३० वर्षं एखाद्या मोटारीने काढायची कुठे? खासगी असली तर सोसायटीच्या आवारात, ताडपत्रीखाली, सेक्रेटरीच्या नोटिसा झेलत. बॅटरी बसलेली, मागच्या सीटवर मांजर व्यालेली, ‘किलोच्या भावाने का होईना, पण काढा’ असं घरातून रोज ऐकू येणारं. या मैदानावरच्या बहुतेक गाड्यांमागे असा एक चेंगट माणूस असणार, जो दर रविवारी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाला. परीक्षकांच्या तक्त्यात चेंगटपणाला गुण नसतात, हा मला त्या शास्त्राचा मोठाच दोष वाटतो.

पद्मिनीच्या मालकांना विचारलं, ‘‘इतकी वर्षं सांभाळलीत कशी हो?’’

‘‘सांभाळतोय कसला! विकायची राहून गेली,’’ ते म्हणाले, आणि दार उघडून धरलं. ‘‘बसा की. फक्त मधे नको, गिअर टाकताना हात लागतो.’’