कानामागून आली आणि महाग झाली
२०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक घेतलं आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कित्येक आईबाबांना घरातल्या कार्ट्यात अचानक नेमबाज दिसू लागला. कार्टं अजून दहा मीटर एअर रायफलवर. तिचा आवाज घरच्या कुकरच्या शिट्टीपुढे लाजेल. पण बाबांना इअरमफ हवेत ते इलेक्ट्रॉनिकच!

यंत्र हुशार आहे, नाही कशाला म्हणा. बाहेरचा माइक कोचचं बोलणं मोठं करून ऐकवतो आणि आवाज साधारण ८५ डेसिबलवर गेला की स्पीकर गप्प बसतो. मात्र पॉइंट टू-टू रायफलचा १४० डेसिबलच्या आसपासचा दणका अडवते ती बॅटरी नव्हे, तर कवच आणि कानाला घट्ट बसणारी गादी. चष्म्याची जाड काडी त्या गादीखाली शिरली की फट पडते आणि हजारो रुपये तिथूनच बाहेर जातात. कवच जाडजूड असेल तर गाल टेकवताच ते रायफलच्या दस्त्यावर आपटतं.

खरी गंमत पुढेच. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेत खेळाडूला असले इलेक्ट्रॉनिक मफ चालतच नाहीत. म्हणजे ज्या ऑलिम्पिकसाठी ही खरेदी, तिथे ते पिशवीतच राहणार.

तेव्हा पोराला साधे, पातळ कवचाचे मफ आणि आत फोमचे बोळे घ्या. उरलेल्या पैशांत बाबांनी स्वतःलाही एक जोड घ्यावा. घाटकोपरच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तेच उभे असतात.