ब्रेकला आधी दुचाकी दिसू द्या

बाभुळगावहून धामणगावकडे जाणारा रस्ता हंगामात संध्याकाळी पाहावा. कापसाच्या गाड्या, मुरमाचे टिप्पर, एसटी, आणि या सगळ्यांच्या डाव्या अंगाला, डांबराच्या अगदी काठावरून चाललेल्या दुचाक्या. एकीच्या कॅरिअरवर हिरव्या चाऱ्याचा भारा आणि भाऱ्याखाली पार झाकला गेलेला मागचा लाल दिवा. पुढच्या सायकलला तर दिवाच नाही, मडगार्डवरचा रिफ्लेक्टरही फुटलेला.

मागून ताशी 60 किलोमीटरने टिप्पर येतोय. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. ड्रायव्हरला दिसून, उमजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर संपले. ब्रेक लागायला अजून सुरुवातही नाही.

हे 25 मीटर वाचवणारं यंत्र आज आहे. काचेमागचा कॅमेरा आणि पुढचं रडार धडक ओळखतं, आधी इशारा देतं आणि ड्रायव्हर हलला नाही तर स्वतः ब्रेक लावतं. मार्च 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ट्रक-बससारख्या मोठ्या वाहनांना ते सक्तीचं करण्याचा मसुदा काढला. नव्या मॉडेलना एप्रिल 2026, आधीच्या मॉडेलना ऑक्टोबर 2026, अशी मुदत त्यात होती. गाडीजवळच्या सायकलस्वाराची आणि पादचाऱ्याची सूचना ड्रायव्हरला देणारी यंत्रणाही त्यात होती. उशिरा का होईना, पाऊल योग्य आहे.

माझी मागणी एकच. हा ब्रेक पास करायचा तो दुचाकी समोर ठेवून. समोर ट्रक असला की थांबतो, एवढ्यावर शिक्का मारू नका. ट्रकची पाठ भिंतीएवढी असते, ती कुठल्याही रडारला दिसते. सायकलची पाठ वीतभर.

2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची. पायी चालणारे आणि सायकलवाले त्यात धरले तर दर तिघांतले दोघे. ज्या देशात मरणारा बहुतेक वेळा पत्र्याच्या बाहेर असतो, तिथे गाडीच्या सुरक्षेचे तारे मुख्यतः आतल्यांच्या जिवावरून मोजले जातात. हे चूक आहे.

बाहेर काय चाललंय? अमेरिकेने 2024 मध्ये मोटारींसाठी असा नियम केला, मुदत 2029 ची. त्यात समोरचं वाहन आहे, पादचारी आहे, रात्रही आहे, पण सायकल आणि मोटारसायकल नाही. युरोपने सायकलस्वार कायद्यात घेतला. तिथली युरो एनकॅप ही संस्था 2023 पासून मोटारसायकलवरचा पुतळा समोर ठेवूनही मोटारी तपासते. अमेरिकेत मोटारसायकल बहुतेकांना हौसेची, म्हणून ती राहिली असेल. आपल्याकडे त्याच दुचाकीवर घर चालतं. आपण राहू देता कामा नये.

आणि आपला पुतळा आपला हवा. परदेशातला पुतळा सायकलवर ताठ, एकटा बसलेला असतो. आपल्या चाचणीत पाठीवर फवारणीचा पंप हवा, मागे चाऱ्याचा भारा हवा, मधे लेकरू हवं. वेळ अंधाराची हवी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देणारं सरकार त्या सायकलीमागून येणाऱ्या ट्रकची जबाबदारीही घेईल, अशी अपेक्षा गैर नाही.

'आपल्याकडे गुरं आडवी येतात, ब्रेक सारखा लागेल' असं वाहनवाले म्हणतात. मग इथल्या रस्त्यांवर चाचणी घ्या, यंत्र इथल्यासाठी जुळवा. सूट मागण्याचं ते कारण नव्हे. समृद्धी महामार्ग धामणगावजवळून जातो, तिथे दुचाकीला बंदी आहे आणि ती रास्तच. पण मग दुचाकी उरते ती याच गुरांच्या, वळणांच्या, टिप्परच्या रस्त्यावर. यंत्राची खरी गरज इथेच आहे.

मसुद्यात साध्या मोटारी नाहीत, त्याही घ्या. आज कंपन्या हा ब्रेक बहुधा महागड्या मॉडेलमध्ये देतात. गाडीवाल्याच्या खिशावर सायकलवालीचा जीव का ठरावा? फिटनेसच्या तपासणीत कॅमेऱ्यावरचा चिखल आणि ब्रेकचे लायनर दोन्ही पाहा. क्षमतेबाहेर मुरूम भरलेला टिप्पर मात्र कुठलाही कॅमेरा वेळेत थांबवू शकणार नाही. ते काम काट्यावरच व्हायला हवं.

नियम लागू झाला तरी तो नव्या वाहनांपुरता. जुने ट्रक पुढची कित्येक वर्षं धावतील. तोवर, बाभुळगावकरांनो, भारा बांधताना मागचा दिवा मोकळा ठेवा, पोरीच्या सायकलला आणि ट्रॉलीच्या मागच्या फळीला लाल चमकती पट्टी आजच लावून घ्या.